आतली कडी

दाताच्या डॉक्टरांकडे बसायला जागा नव्हती म्हणून ती भिंतीला टेकून उभी राहिली, तेव्हा समोरच्या बाकावर तिला खारूताई दिसली. खारूताई ती शिकवायची त्या पाचवीच्या वर्गातली मुलगी. खोडरबराचे तुकडे, पेन्सिलीची टोकं, तुटकी बटणं असलं काहीबाही गालात धरून बसायची तिला सवय, म्हणून वर्गाने ठेवलेलं हे नाव; आता घरचेही त्याच नावाने हाक मारत. आज गालात काही नव्हतं, तरी तो एवढा सुजला होता की त्या बाजूचा डोळा बारीक झाला होता. कातडी ताणली जाऊन तुळतुळीत दिसत होती. मुलगी आईच्या दंडाला कपाळ टेकून बसली होती. बाईंना बघून आई उठायला लागली, मग "बसा हो, बसा" झालं, आणि तिने वाकून, कुणीही विचारील तसं विचारलं, "काय गं, फार दुखतंय का?"

खारूताई ताठ बसली. मान किंचित तिरकी केली. नजर वर छताकडे नेली, उजव्या हाताची तर्जनी हनुवटीवर टेकवली, आणि म्हणाली, "अं... छान प्रश्न आहे. मला वाटतं, याची एकाहून जास्त उत्तरं असू शकतात."

जीभ जड झाली होती, शब्द एकमेकांत मिसळत होते. ओठांच्या कोपऱ्यातून लाळेचा एक धागा लोंबला. तिने तो मनगटाने पुसला आणि बोट पुन्हा हनुवटीवर नेलं, कारण तिचं अजून संपलेलं नव्हतं. पुढे "आपण सगळ्या बाजूंनी विचार करू या" असं वाक्य होतं. ते तिने म्हटलं. शेवटी थोडं हसायचं होतं. ती एका बाजूने हसली.

"बघितलंत?" आई आनंदाने म्हणाली. "आधी तोंडातून शब्द फुटायचा नाही हिच्या. तुमच्यामुळे हो, बाई. आता घरी साधं काही विचारलं तरी आधी विचार करते." बाकावरचे दोघंतिघं कौतुकाने वळून बघायला लागले. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "शाळा चांगली दिसतेय." तिने मान डोलावली, आणि त्याच वेळी तिने ते ओळखलं. खारूताईने तिरकी केली ती मान तिची होती. ते बोट तिचं होतं. घरी आरशासमोर उभं राहून, चारपाच तऱ्हा करून बघून, त्यातली ही तिने निवडली होती. लगेच उत्तर देऊ नका रे, आधी वर बघा, तुम्ही विचार करताय असं दिसलं पाहिजे. वर्गातल्या बाकांच्या रांगांमधून फिरत तिनेच हे शिकवलं होतं, आणि एकेकाची हनुवटी हाताने वर उचलून दाखवलं होतं.

आतलं दार नीट लागत नव्हतं, त्यामुळे खारूताईला आत नेल्यावरही सगळं ऐकू येत होतं. डॉक्टर विचारत होते, कधीपासून दुखतंय. मग डॉक्टर चिडले, "अहो, हे आजचं नाहीये. आत पू साचलाय. किती दिवस अंगावर काढलंय हिने! पोरगी काही बोलली कशी नाही?" आणि आईचा गोंधळलेला आवाज, "नाही हो. उलट हल्ली खूप बोलते." त्यानंतर एक किंकाळी आली. ती मात्र कुणी शिकवलेली नव्हती. दाराच्या फटीतून औषधाच्या वासाखाली दबलेला दुसरा एक वास आला, गोडसर, कुबट. म्हाताऱ्या गृहस्थांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. तिने तो वास पूर्ण आत घेतला, हट्टाने, जणू तो तिच्या वाट्याचाच होता.

मग तिची स्वतःची पाळी आली; डॉक्टरांनी अर्धं तोंड बधिर करून तिच्या दाढेत काहीतरी भरलं. घराकडे चालताना खालचा ओठ जागेवर आहे की नाही हे ती सारखी बोटाने चाचपून बघत होती. फुटपाथवर समोरून येणाऱ्या माणसांना आपण कशा दिसत असू, कुणास ठाऊक. दुकानाच्या काचेत पाहिलं तर नेहमीसारखीच दिसत होती. बधिरपणा बाहेरून दिसत नाही. सगळं सुरू झालं ते एका शब्दापासून, तिला आठवलं. मोठ्या बाई, म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका, कुठल्याशा शिबिराहून परतल्या त्या 'समतोल' हा शब्द घेऊनच. सर्जनशीलता आणि व्यवहार यांचा समतोल. शिक्षकांच्या खोलीत टेबलावर दोन्ही तळवे उताणे ठेवून, तराजूसारखे खालीवर करत त्यांनी तो समजावून सांगितला. पलीकडच्या रस्त्यावर नवी शाळा निघाली होती, तिच्या भिंती रंगीत होत्या, आणि इकडच्या खालच्या वर्गांतले बाक रिकामे होत चालले होते. सर्जनशील शाळा म्हणून, शाळा बघत हिंडणाऱ्या एका समितीने शिक्कामोर्तब केलं तर पालक टिकतील, नाहीतर तुकड्या एकत्र होतील. मग आधी चित्रकलेचे मास्तर घरी जातील, मग भाषेच्या बाई. भाषेची बाई तीच. मोठ्या बाई काही वाईट नव्हत्या. शिक्षकांचे पगार वेळेवर व्हावेत म्हणून त्या संस्थाचालकांचे उंबरठे झिजवत, अपमान गिळत, आणि परत येऊन कुणाला काही सांगत नसत. "समिती वर्गात येणार, मुलांना प्रश्न विचारणार," त्या म्हणाल्या होत्या. "मुलं उत्स्फूर्त बोलली पाहिजेत. आता आपली मुलं कशी आहेत ते तुम्हाला माहीत आहे. तेव्हा ते उत्स्फूर्त तेवढं तुम्ही लिहून द्या."

तेव्हा सगळे हसले होते. तीही हसली होती. आणि मग तिने लिहून दिलं. ओकारी यावी अशी गोष्ट तीच होती, की तिला ते लिहिताना मजा आली. कितीतरी वर्षांनी शब्द आपणहून येत होते. प्रत्येक मुलाला त्याच्या तोंडाला शोभेल असं वेगळं वाक्य, वेगळी लकब. एकाने मुद्दाम चुकीचा शब्द वापरून तो स्वतःच दुरुस्त करायचा. एकीने मधेच थांबून "नाही, थांबा, मी पुन्हा सांगते" म्हणायचं. मागच्या बाकावरच्या जाड्याने प्रांजळपणे म्हणायचं, "मला माहीत नाही, पण शोधायला आवडेल." ते ऐकून मोठ्या बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "तुम्ही लेखिकाच व्हायचं होतंत," त्या म्हणाल्या, आणि त्या दिवशी ती घरी गेली ती जवळजवळ उड्या मारत. आज आठवलं तेव्हा तिला स्वतःच्या त्या उड्यांची शिसारी आली. एखाद्याने चेपून चेपून भरलेली उशी फुगून दिसावी, तशी ती त्या संध्याकाळी फुगली होती.

आणि अडखळण्याची युक्ती काही तिची नव्हतीच. ती वडिलांची. वडील नकाशे काढायच्या कचेरीत होते. दिवसभर दुसऱ्यांनी मोजलेल्या जमिनींवर शाई फिरवायची हे काम. सुटीच्या दिवशी साहेब किंवा साहेबांचं कुणी घरी आलं की वडील तिला पुढे करत. ती तेव्हा इतकी लहान होती की खुर्चीवर चढायला हात द्यावा लागे. "हिने कविता केलीय," वडील सांगत, "आपली आपण, बसल्या बसल्या." कविता दौतीवर होती. दौतीत एक काळं तळं आहे, तळ्यात अक्षरं पोहतात, टाक त्यांना पकडायला येतो, असं काहीसं. ती वडिलांनी केली होती. तिच्याकडून घोटून घेताना ते म्हणायचे, "इथे जरा अडखळ. आता सुचतंय असं वाटू दे." ती अडखळायची. पाहुणे आहाहा करायचे. एकदा एका पाहुण्याने चघळायची गोळी स्वतःच्या बोटांनी तिच्या तोंडात कोंबली. बोटांना तंबाखूचा वास होता, गोळी अर्धवट विरघळून चिकट झालेली होती. ती गिळावी की थुंकावी हे न कळून ती तशीच तोंड मिटून उभी राहिली, आणि सगळे तिच्याकडे बघून हसत राहिले. पण त्याहून विचित्र गोष्ट पुढे घडली. मोठी होता होता ती कविता आपणच केली असं तिला खरोखर वाटायला लागलं. त्याच भरवशावर तिने भाषा घेतली, तिच्यातच नोकरी धरली. आणि अखेरच्या आजारपणात वडील उशीवर मान वळवून म्हणाले होते, "एवढीशी होतीस, काय कविता केली होतीस तू!" ती त्यांच्या डोळ्यांत बघत राहिली. ते खोटं बोलत नव्हते. त्यांनाही आता तसंच वाटत होतं.

घरी नवऱ्याने चहा पुढे ठेवला. तिने घोट घेतला तो बधिर ओठावरून ओघळून गळ्यात गेला. नवऱ्याने टॉवेल दिला. तो लिफ्ट तपासायच्या कामावर होता. इमारतींच्या डोक्यावरच्या अंधाऱ्या खोल्यांत जाऊन दोर आणि कप्प्या बघायच्या, वंगणाने हात काळे करून यायचं. तिने त्याला खारूताईचं सांगितलं. तो आधी हसला, मग तिचा चेहरा बघून थांबला.

"दाढ काढली ना तिची? मग झालं तर."

"झालं काय? तिला दुखतंय म्हणता येईना."

"मग तू लिहून देणं बंद कर."

"मग दुसरं कुणीतरी लिहील."

"लिहीलच," तो म्हणाला, "आणि तुझ्याहून वाईट लिहील. माझ्याकडे बघ, मला कुणी विचारत नाही की लिफ्ट किती कल्पक आहे. पडणार नाही ना, एवढंच विचारतात."

"तुझं बरंय."

"बरं कसलं? दिवसभर पडण्याचाच विचार." त्याने कप उचलले. "उद्या पोरांना एकदा साधं काहीतरी विचारून बघ की. काय म्हणतात ते ऐक."

दुसऱ्या दिवशी तालमीचा तास होता. मुलं नेहमीप्रमाणे हात मांडीवर ठेवून, डोळे उत्सुक करून बसली. उत्सुक डोळे हेही तिने शिकवलेलं. खारूताई आली होती; सूज थोडी उतरली होती, गालाला कापूस दाबून धरलेला. वर्गाकडे तोंड करून ती खिडकीला टेकली आणि मुलांना म्हणाली, "पाठ केलेलं सगळं आज बाजूला ठेवा. मला एवढंच सांगा, या शाळेत तुम्हाला काय आवडत नाही?"

तीन-चार माना तिरक्या झाल्या, बोटं हनुवट्यांवर गेली. "बोटं खाली," ती म्हणाली. बोटं खाली गेली. बाहेर मैदानावर कुणीतरी बादली ओढत होतं ते ऐकू आलं. पुढच्या बाकावरची हुशार मुलगी हळूच म्हणाली, "बाई, हे आपण केलेलं नाहीये." दुसरा म्हणाला, "किती ओळींत सांगायचं?" एकीचे डोळे भरून आले. खिडकीशी ती थांबून राहिली; तिला वाटत होतं, आता एकदा बांध फुटला की काहीतरी निर्मळ, लखलखीत असं बाहेर पडेल. आपल्या मनात ही आशा होती हे तिला नंतर कळलं, आणि त्या आशेचीही लाज वाटली. कारण बाहेर पडलं ते असं: डबा खाताना शेजारचा तोंड उघडं ठेवून चावतो, त्याच्या तोंडात दिसतं. चित्रकलेच्या मास्तरांच्या अंगाला वास येतो. जाड्याशेजारी बसायचं नाही, तो घामट आहे. जाड्या म्हणाला, हे सगळे मला चिमटे काढतात आणि तुम्ही आलात की हसतात. आणि मग हुशार मुलगी, जिला कधी कुणी रागावलं नव्हतं, ती म्हणाली, "तुम्ही हसता ना बाई, ते मला आवडत नाही. खोटं असतं ते." वर्ग खिदळला. तिच्या चेहऱ्यावर त्या क्षणी तेच हसू होतं. ते कुठे ठेवावं तिला कळेना.

"कडी," खारूताई म्हणाली.

कापसातून आवाज दबका आला. कसली कडी? "मुलींच्या संडासाची. आतली. ती नाहीये." आता मुली एकदम बोलायला लागल्या, एकमेकींना मागे सारत. कडी कधीचीच तुटली. दार नुसतं लोटून घ्यायचं, ते आपोआप उघडतं. बाहेरून कुणी ढकललं तर सगळं दिसतं. म्हणून आत गेलेलीने गात राहायचं. गाणं ऐकू आलं की बाहेरचीने समजायचं, आत कुणीतरी आहे. गाणं थांबलं की दुसरीने जायचं. नाक धरून गायला लागतं, कारण वास येतो. ज्यांना गायला आवडत नाही त्या सकाळपासून पाणीच पीत नाहीत.

"तू?" तिने खारूताईला विचारलं.

"मी नाही पीत," खारूताई म्हणाली. मान सरळ होती.

ती खिडकीशी उभीच राहिली. जिन्याखालून, मुलींच्या संडासाच्या बाजूने येणारं गाणं तिने वर्षानुवर्षं ऐकलं होतं. पालकांना शाळा दाखवताना ती म्हणायची, आमच्या मुली सदा गात असतात. एकदा तर तिने जिन्यात थांबून एका आईला ते ऐकवलंही होतं. शिक्षिकांच्या संडासाची वेगळी खोली होती. तिला कडी होती, शिवाय कुलूपही होतं. त्याची किल्ली आत्ता तिच्या पर्समध्ये होती. मधल्या सुटीत ती पहिल्यांदाच जिन्याखाली गेली. फरशी ओली, कडेच्या टाइल्सवर पिवळट थर, फिनेलच्या वासाने न दबलेला मूळचा वास. दाराच्या आतल्या बाजूला जिथे कडी होती तिथे गंजाचे ओघळ आणि भोकं उरली होती, खिळखिळी, बोट जाईल एवढी. भोकांच्या भोवती पेन्सिलीने कुणीतरी फूल काढलं होतं. तोंडात कडवट लाळ जमली, ती गिळवेना, थुंकवेना. ती बाहेर आली आणि तशीच मोठ्या बाईंकडे गेली.

"हो, बघू," मोठ्या बाई म्हणाल्या. त्या समितीच्या स्वागताला कुठले पडदे लावायचे ते निवडत होत्या. "समिती येऊन जाऊ दे. शिपायाला सांगते."

"मुली पाणी पीत नाहीत."

"अहो, आत्ता माझ्या डोक्याला किती व्याप आहेत! इतके दिवस गेले ना? आणखी चार दिवस गेले म्हणून काय होणार आहे?"

समितीच्या दिवशी वर्गात नवे पडदे होते. त्यांना कोऱ्या कापडाच्या खळीचा वास येत होता. तिघं आली, अध्यक्षबाई उंच, मऊ आवाजाच्या, समोरच्याचा हात दोन्ही हातांत धरून बोलणाऱ्या. मुलांनी छान केलं. एकाने चुकून दुरुस्त केलं, एक थांबून पुन्हा बोलली, जाड्याला माहीत नव्हतं पण शोधायला आवडणार होतं. अध्यक्षबाईंनी छातीवर हात ठेवला. भिंतीला टेकून ती ऐकत होती, आपली वाक्यं एकामागून एक छोट्या छोट्या तोंडांतून बाहेर पडताना बघत होती, आणि तिला त्या चिकट गोळीची चव आली. मग अध्यक्षबाई वाकून खारूताईला म्हणाल्या, "तुला काय वाटतं गं, शाळा कशी असावी?" खारूताईची मान तिरकी झाली. बोट उठलं. ते हनुवटीपर्यंत पोचायच्या आत भिंतीपासूनच ती जवळजवळ ओरडली, "हात खाली घे."

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"बोल," ती म्हणाली. "त्या दिवशी मला सांगितलंस ते यांना सांग. कडीचं."

खारूताईने मोठ्या बाईंकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि सांगितलं. दार, भोकं, गाणं, नाक धरणं, पाणी न पिणं, सगळं. न अडखळता. मोठ्या बाईंचा चेहरा पांढरा पडत गेला. तिला क्रूर असा आनंद झाला. आता कोसळू दे, तिच्या मनात आलं, पडद्यांसकट सगळं कोसळू दे.

अध्यक्षबाईंनी टाळ्या वाजवल्या.

आधी तिला वाटलं, आपण चुकीचं ऐकतोय. पण त्यांच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं. "केवढी सुंदर कल्पना!" त्या म्हणाल्या. "गरज आणि कल्पकता! आम्ही ठिकठिकाणी हिंडतो हो, पण हे असं जिवंत उदाहरण..." मग त्या दोघा सहकाऱ्यांकडे वळल्या, आणि त्यांनी माना डोलावल्या. मोठ्या बाईंच्या गालांवर रंग परत आला. त्यांनी क्षणभरच श्वास घेतला आणि म्हणाल्या, "आमचा तोच प्रयत्न असतो. समतोल." सगळी मंडळी जिन्याखाली गेली. अध्यक्षबाईंनी नाकाला रुमाल लावला, दुसऱ्या हाताने फोन काढला, आणि म्हणाल्या, "बाळ, तू आत जा, दार लोटून घे आणि गा हं. नेहमी गातेस तशी." खारूताई आत गेली. दार लोटलं गेलं, हळूच उघडलं, पुन्हा लोटलं गेलं. मग आतून बारीक, बेसूर, घसा कोरडा पडलेला आवाज यायला लागला. अध्यक्षबाई फोन धरून उभ्या होत्या. बाकीचे ओठांवर बोट ठेवून, हसऱ्या चेहऱ्याने ऐकत होते. ती एकटीच त्यांच्यातून निघून मैदानाच्या कडेला गेली आणि भिंतीपाशी ओकली. कडू पाण्याखेरीज पोटातून काहीच आलं नाही.

शाळेवर शिक्कामोर्तब झालं. दोनच दिवसांत चित्रकलेच्या मास्तरांनी एक पाटी रंगवली, तिच्यावर चिमण्या आणि सुरांच्या खुणा, आणि मधोमध 'गाणारं दार'. बिचाऱ्यांची नोकरी वाचली होती. त्यांनी जीव ओतून रंगवली होती. पुढच्या आठवड्यात इतर शाळांचे मुख्याध्यापक ते दार बघायला येणार होते, छायाचित्रं काढणार होते. मुलींच्या रोज आळीपाळीने तालमी सुरू झाल्या, कुणी कुठलं गाणं म्हणायचं याच्या. शिपाई कडी आणायला निघाला होता, त्याला मोठ्या बाईंनी परत बोलावलं.

"तूर्त नको," त्या तिला म्हणाल्या. "असं बघू नका माझ्याकडे. कडी लावली तर दाखवायचं काय? मंडळी येऊन जाऊ देत, मग चांगली पितळेची लावू. शाळा वाचली, कळतंय का तुम्हाला? तुमच्यामुळेच वाचली."

हे खरं होतं, आणि तेच तिला सहन होईना. त्या दिवशी शाळा सुटल्यावर ती हार्डवेअरच्या दुकानात गेली आणि एक साधी लोखंडी कडी घेतली. नवरा म्हणाला, मी येतो, दहा मिनिटांचं काम आहे. ती म्हणाली, नको, मला दाखव. त्याने स्वयंपाकघरात जुन्या कपाटाच्या फळीवर दाखवलं. आधी खिळ्याने खूण करायची, मग स्क्रू, नाहीतर लाकूड चिरतं. जुनी भोकं सैल असतील तर काडेपेटीच्या काड्या मोडून आत ठोकायच्या, म्हणजे स्क्रूला धरायला काहीतरी मिळतं. तिचा स्क्रूड्रायव्हर सारखा घसरत होता. तळहाताला फोड आला. "जोर मनगटाचा नको, खांद्याचा लाव," तो म्हणाला. त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवून जागा दाखवली, आणि बाकी काही विचारलं नाही.

पाहुणे यायचे त्याच्या आदल्या सकाळी, शाळा भरायच्या आधी, ती जिन्याखालच्या दाराशी गुडघ्यांवर बसली. फरशी ओली होती. ओल कपड्यातून गुडघ्यांना लागली. वास इतक्या जवळून येत होता की त्याला चव होती. नाक धरायचं तर हात रिकामा नव्हता. तिने काड्या मोडून भोकांत ठोकल्या, कडी वर धरली तेव्हा पेन्सिलीचं फूल तिच्याखाली गेलं, खूण केली, पहिला स्क्रू तिरका गेला, तो उलटा फिरवून काढला आणि पुन्हा घातला. कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरत होता. आयुष्यात तिने हाताने काही बनवलं नव्हतं. वाक्यंच तेवढी बनवली होती. शेवटचा स्क्रू आवळताना मागून चपलांचा आवाज आला.

मोठ्या बाई नाकाला पदर लावून उभ्या होत्या.

"काढा ते," त्या म्हणाल्या.

"नाही."

"उद्या माणसं येणार आहेत. काय दाखवू मी त्यांना?"

"कडी दाखवा."

"तुम्हाला कळतंय का, तुम्ही काय करताय? पाटी लागलीय, सगळीकडे नाव झालंय." त्यांचा आवाज फाटला. "माझ्या शाळेला तुम्ही तोंडावर पाडताय. मला तुमचं काय ते बघावं लागेल."

"बघा," ती म्हणाली. भीती वाटत होती. पगार, घर, नवऱ्याची एकट्याची कमाई, सगळं एका क्षणात डोळ्यांपुढून गेलं. पण स्क्रू आवळून झाला होता. मोठ्या बाई वळल्या आणि तरातरा निघून गेल्या.

मुली यायला लागल्या होत्या. मैदानावर दप्तरं पडत होती. खारूताई जिन्याखाली आली, बाईंना तिथे गुडघे ओले करून उभं बघून थबकली. गाल आता पूर्ण उतरला होता. तिने दाराकडे पाहिलं, कडीकडे पाहिलं, कडी बोटाने पुढे सरकवून आणि मागे ओढून बघितली. आत गेली. दार बंद झालं आणि लोखंडावर लोखंड सरकल्याचा कोरडा, खडबडीत आवाज आला. मग काही नाही. कुठलंच गाणं नाही, गुणगुणणं नाही, काही नाही. ती हातात स्क्रूड्रायव्हर धरून दाराबाहेर उभी राहिली, ती शांतता ऐकत.

"बाई?" आतून हाक आली. "आहात का?"

"आहे ना."

"आता गायचं नाही ना?"

"नाही."

"बरं झालं. मला गाता येत नाही." मग खारूताईचा आवाज आला, स्पष्ट आणि थोडा वैतागलेला. "पण तुम्ही इथे उभ्या राहू नका ना. जा."

ती गेली.